बर्कन

"बर्कन म्हणजे काय?" विचारलं तेव्हा
युफेमिया गीलनं लेथ बंद केली
आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं
पाणी म्हणजे काय विचारणाऱ्याकडे पाहतात.
"बर्कचं, ते बर्कन."

शेड डी नदीच्या वरच्या अंगाला. ऑक्टोबर.
ओल्या भुशाचा गोडसर वास, खिडकीत गार झालेला चहा.
तिचा बाप इथेच रिळं कातायचा,
पेझलीच्या दोऱ्याच्या गिरण्यांसाठी, पोत्यांनी.
गिरण्या गेल्या. ती चमचे करते.
"पाइनला वास, ओकला कडवटपणा.
बर्क गप्प बसतं. लापशीला कळतही नाही."

पाळणा बर्कन होता, म्हणाली, खराटा बर्कन,
धाकट्या भावाची बर्फावरची घसरगाडी बर्कन.
पेटी मात्र पाइनची केली त्याची,
बर्क मातीत टिकत नाही.
मग लेथ पुन्हा सुरू.

माझ्या कोशात त्या शब्दापुढे शेरा: जुना, प्रांतिक.
शेपटीला लागलेला तो 'अन'
वुलनमध्ये अजून ऊब धरून आहे,
गोल्डनमध्ये दुकानांच्या पाट्यांवर चमकतो,
इथे मात्र त्याला कुणी हाक मारत नाही.
आणि मी मराठीत काय लिहू?
लाकडी, चंदनी, सागवानी…
भुर्जी लिहिलं तर
तव्यावर कांदा परतायला लागतो.

हसू नका. बर्क आणि भूर्ज सख्खी भावंडं,
पांढरं, उजळ, असं काहीसं बोलणाऱ्या
एकाच कुणा आईची.
वाटण्या कधी झाल्या माहीत नाही.
त्यांनी लाकूड घेतलं,
आपण साल.
तिच्यावर लिहीत राहिलो पिढ्यान् पिढ्या,
बहुतेकांनी झाड न पाहताच.

परतताना वाटेत एक आडवं झालेलं खोड.
पांढरी साल अखंड, तिच्यावर अर्धवट सोडलेल्या
ओळींसारख्या काळ्या रेघा.
अंगठा टेकवला. आत काहीच नव्हतं,
ओला भुगा, आणि घाईत असलेला एक किडा.

खिशात अकरा पौंडांचा चमचा.
तिनं चिठ्ठीवर 'बर्च' लिहून दिलं होतं,
गिऱ्हाइकांना तेच कळतं म्हणून.
मी चिठ्ठी उलटी केली
आणि पेन्सिल शोधू लागलो.