किटलीला रकाना नाही

लीड्सच्या शेडमध्ये एकच बनला.
बारसं व्हायच्या आधीच मंत्रालयाने हात वर केले.

शेजारची इमोजन लॅपटॉप घेऊन बसलीय,
तिला तो गेममध्ये हवाय.
"चिलखत किती जाड? गोळा भरायला किती सेकंद?"

ऑल्विन थ्रॅपल, ब्याऐंशी, माजी ड्राफ्ट्समन,
चष्मा पुसतो.
सहा. नाही, सात;
त्या दिवशी सिडनीचं बोट थोडक्यात वाचलं.
उजवीकडे वळताना कुरकुरायचा.
आत चहाची किटली होती, ते लिही.

"किटलीला रकाना नाही."

शेवटी माळावर नेऊन आपल्याच तोफांचं लक्ष्य केला.
तिसऱ्या गोळ्यापर्यंत
उभा होता.

इमोजन टाइप करते: चिलखत, उत्तम.

थ्रॅपल बिस्किट बुडवतो, ते तुटतं.
गेममध्ये मेला की
पुन्हा शेडमधूनच निघतो ना गं?