जागल

पंधरवडा झाला, नागपूरवरचं आभाळ सैल होत नाही.
अमरावती रोडवर, तिसऱ्या मजल्यावर
मी कॅमेऱ्याची चित्रं उघडते: पांढरं,
पुन्हा पांढरं, पिंजून ठेवलेलं.
मग रडारचं उघडते.
त्याला ढगांचं काही पडलेलं नाही, उजेडाचंही.
दर बाराव्या दिवशी तिरप्या अंगानं येतं,
हाक मारतं
आणि परत काय आलं ते ऐकतं.

साचलं पाणी हाकेला ओ देत नाही,
हाक त्यावरून पुढे घसरून जाते.
म्हणून रोवणीच्या दिवसांत मौद्याकडच्या बांध्या
तव्यासारख्या काळ्या.
मग धान उभं राहतं, काडीकाडीला लाट अडखळते,
बारा दिवसांनी करड्याची एक छटा,
आणखी बारा दिवसांनी आणखी एक.
हिरवं कुठेच नसतं. ते मी मनानं भरते.

एका बांधीच्या कडेला मात्र
पहिल्यापासून एक ठिपका लखलखतोय.
ढबाले सर म्हणाले, गोंगाट आहे, गाळून टाक.
तीन तारखा गाळला.
चौथ्यांदा जीप काढली; जीपीएस, वही, मोजायची काठी.

कन्हानच्या अलीकडे, चिखलात गुडघाभर गेल्यावर
ठिपका सापडला:
दोन कोरे पत्रे, काटकोनात उभे,
आलेली हाक जशीच्या तशी परत फेकणारे.
आडोशाला बाज, घोंगडी, तेलाचा रिकामा पिपा, दांडकं.
आणि सेवंताबाई चाचेरे.
"डुकरं येतेत जी रातच्याले. मी जागलीले असतो."

मोबाईलवर चित्र दाखवलं. हे शेत. हा ठिपका तुम्ही.
तिनं अंगठ्यानं काच पुसून पाहिली.
"अन् वरून कोन जागलीले हाय?"
यंत्र.
"रातभर?"
नाही. बारा दिवसांतून एकदा, पहाटे सहाला. क्षणभर.
"मंग अकरा दिवस डुकरं खातीन न बाप्पा!"
आणि भर दुपारी पिपा बडवून दाखवला मला;
बगळे उठले, जीपचा ड्रायव्हरही.

वहीत लिहिलं: उंची त्रेसष्ट सेंटिमीटर,
पाणी चार बोटं, निसवण अजून नाही.

ऑफिसात त्या चौकोनाला द्यायला रकाने होते
धान, कापूस, सोयाबीन, पडीक, वस्ती.
मी वस्ती भरलं.
एक पिक्सेल. दहा मीटर बाय दहा.
सरांनी अजून पाहिलेलं नाही.