गाडी धुण्याचं सामान

उद्यमनगरात चौगुल्यांच्या दुकानी
काउंटरवर बाटल्या मांडल्या गेल्या
पंगतीला द्रोण मांडावेत तशा.
निळा शाम्पू, गुलाबी शाम्पू, फेसाचा, बिनफेसाचा,
चेन धुवायचं एक, चेनला लावायचं दुसरं,
आणि एक इवलीशी कुपी, साडेसातशेची,
ती लावली की म्हणे टाकीवर पाणी थांबतच नाही.
"थांबत नाही म्हंजे जातं कुठं?"
जिनेंद्र चौगुले हसला. "काका, गाडी कुठल्या सालातली?"
मी साल सांगितलं.
त्यानं कुपी गपचीप मागं सारली.

एकतीस वर्षं मी फाउंड्रीत साच्यात वाळू ठोकली.
काळी वाळू. आधी नाकात जाते,
मग डब्यातल्या भाकरीत, मग चेनमध्ये.
दर रविवारी दस्तगीर मिस्त्रीनं शिकवल्याप्रमाणं
रॉकेल, जुना टूथब्रश, वरनं नव्वद नंबरचं ऑइल,
एवढंच आमच्या गाडीचं पार्लर.
आता रॉकेल मिळत नाही. दस्तगीर नाही.
टूथब्रश आहेत, ढीगभर.

त्याच्याही आधी सरळ पंचगंगेवर न्यायचो,
म्हशीशेजारी उभी करायचो,
दोघींना एकच बादली.
आता तिथं पाटी लावलीय. बरंच झालं,
नदीनं आमचं ऑइल पुष्कळ प्यालंय.

सोमवारपासून गाडी हर्षदा नेणार.
गोकुळ शिरगावला, तपासणी खात्यात, मायक्रोमीटर धरायचं काम.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक ओळखणारी पोरगी
असल्या गाडीवरनं गेटातनं आत जाणार?
म्हणून आलोय. नाहीतर माझं काय अडलं होतं?

भांड्याचा साबण नको, रंगाची चकाकी खातो.
(शालनला हे पटणार नाही. जे ताटाला चालतं
ते टाकीला का चालू नये, असा तिचा रोकडा सवाल.)
बनियनचं फडकं नको, शिवणीत वाळू बसते
आणि रंगावर रेघा ओढते.
हे मात्र मी लगेच मानलं.
वाळू कुठं कुठं बसते ते मला कुणी सांगायला नको.

दारातल्या गाडीकडं मान करून तो म्हणाला,
"आणि सायलेन्सरवरचा त्यो काळा डाग?
ही पेस्ट न्या. पाच मिनिटांत जातोय."

डाग हर्षदाच्या चपलेचा. दुसरीत होती.
शाळेतनं आणताना तिचा पाय टेकला, रबर वितळलं,
मिरजकर तिकटीला जळका वास,
आणि माझ्या पाठीमागनं चौकशी:
"बाबा, कुणाचं काय जळालं ओ?"

"ते ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.
निळा शाम्पू घेतला, चेनचा स्प्रे घेतला,
एक मऊ पिवळं फडकं.
चारशे चाळीस. दहा त्यानं सोडले.

रविवारी दोन बादल्या.
एकीत टोपणभर शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी.
मी चेनपाशी बसलेलो, टूथब्रश घेऊन,
एकेक कडी मोजल्यासारखी घासत.
मागं खर्र खर्र ऐकू आलं.
शालनची तारेची घासणी. वळलो तोवर झालंही होतं.

"एवढं सामान आणलासा बाबा, आणि हेच तसंच?
किती घाण दिसत होतं."
"ऱ्हाऊन गेलं," मी म्हणालो.

टाचेएवढी जागा लखलखत होती.
आणि तिच्या आजूबाजूचा सगळा सायलेन्सर
एकाएकी म्हातारा दिसायला लागला.
तिनंही वाकून पाहिलं,
फरक ओळखायची सवयच आता लागणार तिला.
"बाकीच्यासाठी पेस्ट-बिस्ट काही मिळतं का ओ दुकानात?"

मी हात पुसले, चप्पल सरकवली.
चौगुल्यांचं दुकान रविवारी
एकपर्यंत उघडं असतं.