दुपारचं मोजमाप

लागुनाच्या भातखाचरात बारा वाजले
की पानं तोंडं मिटून घेतात. पाणी राखायचं असतं.
इलुमिनादा पानाला यंत्राचा चिमटा लावते,
आकडा उतरताना बघते: एकवीस, सतरा, बारा.

ऊन तर भरपूर आहे. मग?

मिटल्या पानात कर्बवायू आटतो, प्राणवायू साचतो,
आणि रुबिस्को, ते जुनंपुराणं प्रथिन,
भलत्याचाच हात धरतं.
ती चूक निस्तरायला
पेशीतली तीन घरं हिंडावी लागतात,
आणि कमावलेला कर्ब थोडा थोडा
वाटेतच हवेत सुटतो.
वहीत ती एकच शब्द लिहिते: प्रकाशश्वसन.

फाटकावरचा बाल्दोमेरोही तसलाच.
काल कोळंबीवालीला पाहुणी शास्त्रज्ञ समजून
सलाम ठोकून आत सोडलं.
मग तिला बाहेर पोचवताना तीन इमारतींना वळसा,
अर्धी पाळी त्यातच गेली.
"मी कामाला लागलो तेव्हा," तो म्हणाला,
"या रस्त्यानं दुसरं कोणी येतच नव्हतं, बाई."

चिमटा काढता काढता ती थांबते.
रुबिस्को घडलं तेव्हा
हवेत प्राणवायू नव्हताच म्हणण्याइतका.
चुकायला दुसरं होतं काय?
पुढे हिरव्यांनीच तो सोडला, युगं युगं,
आणि आता आपल्याच उच्छ्वासात
चाचपडतायत.

बांधापलीकडे मका.
त्याच्याकडे कर्ब कोंडायला वेगळी खोली आहे,
भर उन्हात आकडा हलत नाही.

इलुमिनादा सावलीत डबा उघडते.
भात. आणि कालची कोळंबी.