निव्वळ वजन

नळाला पाणी चौथ्या दिवशी, पहाटे साडेचारला.
टाकी भरायला वीस मिनिटं.
ती वीस मिनिटं मी बर्फात असते.
तिथे एका घड्याळजीचा खून झालाय,
रस्ते बंद, दार आतून लावलेलं,
आणि स्वयंपाकीण हातातला डाव तसाच धरून म्हणतेय,
"त्या रात्री मी पाहिलं की"

टाकी वाहिली.
पाणी थेट इंगळ्यांच्या ओट्यापर्यंत.
तिला तसंच ठेवलं, उघड्या तोंडानं.

मग डबे, मृण्मयीचा हरवलेला एक मोजा, स्कूटी,
नऊला सावद्याच्या वजनकाट्यावर.
गाडी येते, रिकामी. पावती.
मळ्यातून केळी भरून परत येते. पावती.
भरलेल्यातून रिकामी वजा केली की उरतं ते निव्वळ.
दोन गाड्यांमध्ये कधी चार मिनिटं, कधी एक.
एका मिनिटात पुतण्याचा फक्त चेहरा येतो पडद्यावर,
त्याचं वाक्य एकेक अक्षर उमटू लागतं
आणि काचेवर टकटक:
"काय देखी राह्यनी वं माय, पावती दे ना."

बारा तासांचा खेळ आहे म्हणे.
मी मार्गशीर्षात सुरू केला, आता वैशाख.
पंखा गरम हवा इकडची तिकडे करतो,
फोनमध्ये बर्फ थांबत नाही.

विसरायला होतं, म्हणून रद्द पावत्यांच्या पाठीवर लिहिते:
डॉक्टर डावखुरा.
तिसरं घड्याळ नऊ मिनिटं पुढे.
स्वयंपाकीण खोटं बोलत नाही, फक्त थांबते.
एक पावती चुकून हिशेबात गेली.
शेठ दोन दिवस विचारत होते, हा डॉक्टर कोण?

काल त्याच पावत्या उलट्या पडल्या, आकडे वर.
भास्करभाऊची गाडी.
गुरुवारी रिकामी साठ किलो जड.
मागच्या गुरुवारीही. त्याच्या मागच्याही.
साठ किलो म्हणजे क्लीनर.
रिकाम्या गाडीत बसलेला,
भरलेली आली की समोर चहाच्या टपरीवर.
मळेवाल्याची साठ किलो केळी
दर गुरुवारी हवेत.

खेळात अशा वेळी तीन चौकोन येतात:
विचार. गप्प राहा. खिडकीबाहेर बघ.
चुकलं तर मागे जाता येतं,
मी पुतण्यावर दोनदा आळ घेऊन परत आलेय.
इथे शेठ आहेत, आणि शेठचे भास्करभाऊ.
पाच महिने मी खिडकीबाहेर बघितलं
आणि मला टपरी दिसली, बस्स.

आज गुरुवार.
भरलेली गाडी काट्यावर चढली, आकडे हलून थांबले.
माईकचं बटण दाबलं. आवाज माझाच वाटेना.
"भाऊ, क्लीनर कुठेय? सकाळी आत होता.
त्याला बसवा, मग पावती."

भास्करभाऊ उतरला, सावकाश काचेपाशी आला,
काहीतरी बोलायला तोंड उघडलं.
टेबलावर फोनमध्ये ती, डाव धरून, चार दिवसांची.
मागे तीन गाड्यांचे हॉर्न.