नऊ मिनिटं

"हलायचं नाही," अश्फाक म्हणाला,
"नऊ मिनिटं लागतील फक्त."
त्याला काय माहीत,
नऊ मिनिटं मी कशानं मोजते.

बोगद्यात आडवी झाले. यंत्र ठोकायला लागलं,
ठक ठक ठक, मग घर्रर्र,
आणि खांद्याच्या फऱ्यांमधला
तो तळहाताएवढा पाठीचा तुकडा
आपोआप जागा झाला.
वीस वर्षं झाली. अजून वाट बघतोय.

कसबे डिग्रज. पहाटे साडेपाच.
आडमुठे सर स्वतः फक्की मारायचे,
आम्ही आठजणी चौकात,
एकीचं तोंड नदीकडं, एकीचं गुऱ्हाळाकडं,
बोटं जमिनीला, टाच उचललेली.
बसता आलं की निम्मा खेळ आला, म्हणायचे.
मग खांबावर सूर. रोज शंभर.
बरगडी सोलली की आई हळद गरम करायची,
बोलायची काही नाही.

कुंभोजकर बाई मिरजेच्या त्या खोलीत पडदा फिरवतात:
फ्लॉवरचा गड्डा, करडा, उभा कापलेला.
"हा लहान मेंदू. इथं जरा भरीव दिसतोय,
न खेळलेल्या बायकांपेक्षा.
पण खेळून भरला, की भरीव होता म्हणून खेळलात,
हे एका फोटोवरनं नाही सांगता येत मला."

मी एस.टी.त कंडक्टर. मिरज-जत.
दांडीला हात न लावता
भर वळणावर सुट्टे पैसे मोजते.
सतराचा पाढा मात्र अजून अडतो.

"बाई, त्रिशलाचा काढाल फोटो?
मला खो तीच द्यायची.
आमच्यात सगळ्यात चपळ,
ती वळायच्या आधी तिची सावली वळायची.
अकरावीत लग्नानं खो घातला.
त्या खोवर ती उठली नाही,
बसली.
तासगावला द्राक्षाच्या पेट्या भरते आता,
हात दिसत नाहीत म्हणे, इतके भरभर.
तिच्या डोक्यात असेल का ती जागा अजून?
की आमच्या मैदानासारखं
काँग्रेस गवत माजलंय तिथं?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला.
"नंबर आहे त्यांचा?"

बाहेर पायरीवर बसून फोन लावला.
"त्रिशे, मिरजेला ये बुधवारी.
नऊ मिनिटं हलायचं नाही, एवढंच काम."
पलीकडं चिकटपट्टीचा आवाज थांबला.
बराच वेळ थांबला.
मग म्हणाली,
"तोंड कुठल्या बाजूला करून बसायचं?"