शेऱ्याचा रकाना

दर तिसऱ्या दिवशी सकाळी आठला
एदीता नावेलकीन शाळेच्या छपरावर चढते.
शिडीवर दहिवर गोठलेलं असतं.
हातमोज्यात चिमटा धरता येत नाही,
आणि उघडी बोटं दोन मिनिटांत परकी होतात.

खाली कोयाइके.
हजारो धुराडी, पण एकाचाही धूर वर जात नाही.
दरीवर उबदार हवेचं झाकण बसलंय,
त्याखाली गाव मंद आचेवर शिजतंय
आणि कुडकुडतंयही.

गाळणी काल पांढरी ठेवली होती.
आज निघाली ती तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी.

प्रयोगशाळेत ती दिवसभर पडून राहते,
ओल सोडते, अंगावरची वीज सोडते.
मग तराजू. काचेच्या पेटीत, दगडी ओट्यावर,
शेजारच्या खोलीत दार आपटलं तरी बिथरणारा.
गुंजेचे लाखभर तुकडे करा, त्यातला एक उचला,
तेवढा त्याला कळतो.
एदीता श्वास रोखते. गरज नसते. सवय.

वजन फक्त किती ते सांगतं.
कोण, हे गाळणी कापून, धुऊन, तापवून विचारावं लागतं.
काजळी. गंधक. पालाश.
चिमूटही नाही इतकं मीठ, समुद्रावरून डोंगर ओलांडून आलेलं.
आणि झाडाच्या आतली साखर, जळून दुसरीच झालेली:
लेवोग्लुकोसान.
नाव घेताना जीभ अडखळते, पण साक्ष पक्की.
डिझेल ती देत नाही, रस्त्याची धूळ देत नाही.

अकरा हिवाळे फ्रिजमध्ये आहेत
चपट्या डब्यांत, तारखेवार.
ओलं लाकूड स्वस्तात विकलं गेलं तो जुलै.
नव्या शेगड्या वाटल्या तो जून
(फरक शोधावा लागतो, पण आहे).
सामना लांबला आणि गाव पहाटेपर्यंत जागं राहिलं ती रात्र.

आणि एक ऑगस्ट.
लागोपाठ तीन गाळण्यांत शिसं.
यंत्र घाण झालं असेल म्हणून पुन्हा तपासलं.
शिसंच. सोबत जस्त.
म्हणजे रंग. जुना तेलरंग.
कुणीतरी रंगवलेली फळकुटं जाळत होतं,
वाऱ्याच्या बाजूला, अगदी जवळ.

दोन गल्ल्या सोडून आई राहायची.
त्या महिन्यात ओनोफ्रेचा लाकडाचा ट्रक बर्फात अडकलेला.
आई फोनवर म्हणायची, आहे गं पुरेसं,
घर कसं ऊबदार झालंय, ये तर खरी.
गेली तेव्हा दिसलं: खुराड्याला दार नव्हतं.
निळं होतं ते. वडिलांनी होडीचा उरलेला रंग दिला होता.
कोंबड्या तर कधीच संपल्या होत्या.
शेगडीवर किटली, आईचे पाय भट्टीच्या झाकणाशी,
खोकला मधूनमधून डोकावून जाणारा.
एदीताने मातेचा कडू घोट घेतला
आणि हवापाण्याचं बोलली.

नोंदवहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो.
तिने लिहिलं: शिसे, जस्त. रंगवलेले लाकूड. स्थानिक.
‘स्थानिक’वर पेन थांबलं असावं,
तिथे शाई फुटली आहे.

परवा सान्तियागोहून एक मुलगा आला,
अकरा वर्षांचा आलेख काढायला.
तीन ठिपके सगळ्यांपासून लांब, वर, एकटे.
चूक दिसते, म्हणाला. वगळू?

नको, एदीता म्हणाली. बरोबर आहेत ते.
आणि ओले हातमोजे हीटरवरून काढून
पालथे घातले.
उद्या तिसरा दिवस.